गंगीने ठेवलेल्या जागा

१

आभाळ गरजलं की घरातले सगळे पिन उपटायचे, हा किसनसिंगचा नेम. एका उन्हाळ्यात तांड्यावर वीज पडली होती आणि भिंतीला जोडलेला एकही टीव्ही त्यातून वाचला नव्हता. तेव्हापासून ढगाने नुसता घसा खाकरला तरी म्हातारा उठायचा आणि घरभर फिरायचा. आधी टीव्हीचा पिन, मग मिक्सरचा, मग मोबाईलचा. ओसरीवरच्या टेबलाचा सगळ्यात शेवटी, कारण त्याची बाज तिथून जवळ पडायची.

त्या दुपारीही तसंच झालं. मार्च महिना, मोहाची फुलं गळायला लागलेली. पैनगंगेच्या अंगाने एक काळा ढग वर आला, गुरगुरला आणि थेंबही न टाकता निघून गेला. तेवढ्यात किसनसिंगने आपलं काम उरकलं होतं. टेबलावर नातीचा लॅपटॉप उघडा होता. त्याची बॅटरी कधीच मेलेली. तारेवर होता तोवर जिवंत. पिन निघाला तशी त्याची काच काळी झाली.

रंजिता नळावरून भरली बादली घेऊन आली, आणि दारातच तिने बादली खाली ठेवली.

"दादा! हे काय केलं तुमी?"

त्यांच्या बोलीत आजोबाला दादा म्हणतात आणि आजीला दादी.

"गरजलं ना बाई," किसनसिंग म्हणाला.

"अपग्रेड चालू होतं त्याच्यात! अर्ध्यात होतं!"

"मंग लाव पुन्हा."

"तसं नसते ना दादा ते. अर्ध्यात तोडलं की ना जुनं राह्यते ना नवं." ती कपाळाला हात लावून बसली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. "इजेनं मारू नाही म्हनून तुमीच मारलं त्याले!"

उमरखेडच्या वरच्या अंगाला टेकडीखाली हा बंजाऱ्यांचा तांडा. किसनसिंगचा मुलगा इंद्रजीत वणीला कोळशाच्या ट्रकवर असायचा. सून पुष्पा अंगणवाडीत मदतनीस, सकाळी जायची ती दुपार कलल्यावर यायची. रंजिता एकुलती एक नात. कॉलेज करून घरी आली होती आणि नागपूरच्या कुठल्याशा कंपनीचं काम याच ओसरीवर बसून करायची. त्यामुळे दिवसभर घरात दोघंच. ती बोटं चालवायची, हा बाजेवर बसून दोरी वळायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

तिने पिन लावला. काळ्या काचेवर रोजच्यासारख्या दोन ओळी आल्या. त्या दोन ओळी किसनसिंगला ठाऊक होत्या. वाचता येत नव्हतं, पण नातीने सांगितलं होतं की या मशीनमध्ये दोन घरं आहेत आणि चालू करताना कोणत्या घरात जायचं ते विचारतं. खालचं घर विंडोजचं, तिथे कंपनीचं काम. वरचं घर लिनक्सचं. ते तिने कॉलेजात असताना हौसेने टाकून घेतलं होतं, आवाज भरायला नि कापायला.

खालचं घर उघडलं. वरच्या घरात मात्र पांढरी अक्षरं भराभर वर चढली, आणि मध्येच थांबली. एक छोटी रेघ लुकलुकत राहिली.

रंजिताचं हसू गेलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "दादीचा आवाज त्या घरात हाय."

२

किसनसिंगच्या बायकोला, गंगीला, जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. तिचे फोटो होते, आधारकार्डावरचा होता, लग्नातले होते. आवाज मात्र एकच. जायच्या आधीच्या पावसाळ्यात रंजिताने तिला याच ओसरीवर बसवून भरून घेतला होता. किसनसिंगने तो कधी ऐकला नव्हता. रंजिता दोनचारदा म्हणाली, लावू का दादा, तर हा म्हणायचा, राहू दे, ऐकीन एक दिवस. सणाला खायचा गूळ माणूस फडक्यात बांधून ठेवतो तसा त्याने तो ठेवला होता. आहे एवढंच पुरे होतं. आता नसला तर, हे मनात आलं तेव्हा त्याच्या हातातली दोरी सैल झाली.

"निघन का?" त्याने विचारलं.

"पाह्यतो ना. रडू नोका लगेच."

"मी कुठं रडून राह्यलो?"

तिने खालच्या घरात बसून एका पेनड्राइव्हवर काहीतरी उतरवलं आणि मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू केलं. म्हणाली, समोरचं दार लागलं आहे, तर आता मागच्या खिडकीतून आत बघू. किसनसिंग खुर्चीमागे उभा राहिला. बंद पडलेल्या घरातली सगळी भांडीकुंडी त्या खिडकीतून दिसत होती म्हणे. तिने एकेक कपाट उघडलं आणि एका फाईलवर बोट ठेवलं.

"ही पाहा. दादी."

तिने ती उचलून पेनड्राइव्हवर आणायला पाहिली. मशीनने नाही म्हटलं. डिस्कचा तेवढा तुकडा दुखावला होता. जागच्या जागी वाजव म्हटलं, तर आधी नुसती खरखर आली. आणि मग खरखरीच्या पलीकडून, चुलीपुढे बसून बोलावं तशी, गंगी.

गाणं नव्हतं ते. तांड्यातल्या बायका फार दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात, ते होतं. घरची बाई ते उचलते, आलेली बाई ते झेलते. एक ओळ हिची, एक तिची. आलीस का, कोणत्या वाटेने आलीस, पायाला काटे किती लागले, असं हिने विचारायचं. आलेलीने सांगायचं. किसनसिंगने ते जन्मभर ऐकलं होतं, पण दाराबाहेरून. पुरुष तेव्हा बाहेर थांबतात, बिडी काढतात, आणि आतलं संपायची वाट पाहतात.

गंगीने एक ओळ म्हटली आणि ती थांबली. खरखर चालू राहिली.

त्या थांबलेल्या जागेत किसनसिंगला घुंगराचा आवाज आला. बारीक, चिरकलेला. खुळ्ळ, खुळ्ळ.

तो ओसरीच्या कडेला जाऊन बघून आला. अंगणात शेळीचं पाट, अजून न व्यालेलं कोवळं पिल्लू, बांधलेलं होतं. गळ्यातलं घुंगरू फुटकं, त्याने स्वतःच बाजारातून आणून बांधलेलं. पाट पाय दुमडून सावलीत झोपलं होतं. मान हललेली नव्हती.

पाट झोपेतही मान हलवतं, त्याने मनाशी म्हटलं, आणि तो परत आला. पण बाजेवर बसल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात आली. आवाज अंगणातून आला नव्हता. मशीनमधून आला होता. आणि गंगी बसून रडली तेव्हा हे पाट जन्मलंही नव्हतं.

३

"माईक चालू राह्यला असन," रंजिता म्हणाली. त्याने तिला फक्त एवढंच विचारलं होतं, की बाहेरचा आवाज आत शिरतो का. "बाहेरचं आत घेते आनं त्याच्यातच वाजवते. आता बंद केला, पाहा."

किसनसिंगला ते पटलं. त्याचा स्वभावच पटवून घेणारा. कान म्हातारे झालेत, मशीन मोडलेलं आहे, मोडलेल्या मशीनला म्हाताऱ्या कानाने ऐकलं तर काहीही ऐकू येईल.

दुसऱ्या दिवशी रंजिताने डिस्क तपासायला लावली. मशीन एकेक खोली झाडत चाललं. जिथे तुटलं होतं तिथे विचारायचं, जोडू का? ही हो म्हणायची. बाहेर ऊन चढलं होतं. मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या, त्यांचं बोलणं लांबून येत होतं.

"झालं," रंजिता म्हणाली. "आता पाहू किती वाजते तं."

खरखर कमी झाली होती. गंगीचा आवाज इतका जवळ आला, की किसनसिंगने नकळत डोक्यावरचा रुमाल नीट केला. पहिली ओळ झाली. जागा आली.

पुन्हा घुंगरू. या वेळी आधीपेक्षा जवळ. जशी कोणी बाई अंगणातून ओसरीकडे निघाली आणि पाटाच्या अंगाशी घासून गेली, म्हणून पाटाने मान हलवली.

"माईक बंद हाय ना बाई?"

"बंदच हाय." तिने बघितलं, आणि पुन्हा बघितलं. "बंद हाय दादा. तेव्हाचंच असन ते. तेव्हा बकऱ्या होत्याच ना आपल्या."

होत्या. पण त्यांना घुंगरू नव्हतं. गंगीची दुसरी ओळ झाली, दुसरी जागा आली, आणि त्या जागेत घुंगरू नव्हतं. एक श्वास होता. रडं उचलायच्या आधी बाई नाकाने एक श्वास आत ओढते, तेवढाच. मग पुढे काही नाही. जसं कोणी तोंड उघडलं आणि शब्द सुचेना.

"पाह्यलं?" रंजिता म्हणाली. "हे कोरं कोरं राह्यलं ते मी कापनार होतो. तेवढं काढलं की सलग होते."

किसनसिंग दोरीला पीळ देत राहिला. फार पीळ बसला तेव्हा दोरी त्याच्या बोटात गुंडाळली गेली.

४

गंगीची धाकटी बहीण मोतीबाई झरीकडे जंगलाच्या कडेला दिलेली. किसनसिंगने तिला फोन लावला तेव्हा ती तूर पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता.

"हाव का जिवंत, जिजा? मले वाटलं बहिनीच्या मागं गेले."

"तू पोचवाले येशीन तवा जाईन."

"मी कायले येऊ एवढ्या लांब? एसटीचं तिकीट काय सरकार भरन?" ती हसली. मग तिच्या ध्यानात आलं, की हा उगीच फोन करणारा माणूस नाही. सूप थांबलं. "काय झालं?"

त्याने विचारलं, की भेटीचं रडं एकटीने उचललं तर काय होतं.

"एकटीनं कोन उचलते? येडी हाय का ते?"

"समज उचललं."

"माह्यी याडी सांगे," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "रडं उचललं आनं झेलनारी नसली, तं ते दारात उभं राह्यते. अर्धं सोडू नाही. भांडन अर्धं सोडा, भाकर अर्धी सोडा, रडं सोडू नाही. कोन्ही तरी झेललं पाह्यजे."

"कोन्ही बी?"

"ज्याच्या नावानं उचललं त्यानं. नाही तं त्याच्या आंदी जो मधात येईन त्यानं." मग ती म्हणाली, "जिजा, गंगीबाईनं कोन्हाच्या नावानं उचललतं?"

ते त्याला माहीत नव्हतं. त्याने फोन ठेवला आणि नातीला विचारलं. ती पोळी लाटत होती. तिला गंमतच वाटली.

"दादी तं तयारच नोहती दादा. म्हने एकटीनं हे होत नाही, समोर कोनी पाह्यजे. मी म्हनलं, मी हाव ना समोर. तं म्हने, तू झेलशीन? मी म्हनलं झेलीन, तू म्हन तं आंदी." तिने पोळी तव्यावर टाकली. "मले कुठं येते ते! मी आपली कानाले हेडफोन लावून बसलो. तिनं एक ओळ म्हनावी आनं माह्या तोंडाकडं पाहावं. एक म्हनावी, पाहावं. शेवटी मीच हात हालवला, चालू दे म्हनून."

"आनं मंग?"

"मंग काय? झालं. उठली आनं म्हने, राह्यलं तुह्यावर."

पोळी फुगली. रंजिताने ती फडक्याने दाबली.

५

डिस्क नीट झाली तरी घर उघडत नव्हतं. रंजिता पुन्हा मागच्या खिडकीतून आत गेली आणि मशीनला हुकूम दिला. किसनसिंगने विचारलं, काय लिहिलं गं.

"जे अर्धं राह्यलं ते पुरं कर, असं."

ओळी चालू लागल्या. एक संपली की दुसरी, मुंग्या निघाव्या तशा. किसनसिंग त्या ओळींकडे बघत बसला. उद्या हे मशीन पुरं होईल, गंगीचा आवाज हाती येईल, आणि आपण उगीच म्हाताऱ्या माणसासारखं काहीबाही मनात घेतो, असं त्याने स्वतःला नीट समजावलं. समजावून होतंय तोच रंजिताने टाळी वाजवली.

"उघडलं! जुनंच उघडलं, नवं अजून राह्यलं, पन उघडलं. आयका आता."

आता खरखर अजिबात नव्हती. गंगी तिथेच बसलेली असावी तशी होती. तिने पहिली ओळ म्हटली, आलीस का गं, कोणत्या वाटेने आलीस. आणि जागा येताच तिला उत्तर मिळालं.

बाईचा आवाज होता. तरुण. सुरात, भरल्या गळ्याने. रड्यात शब्द इतके ताणतात की नवख्या माणसाला नुसता सूर लागतो, पण किसनसिंगने दाराबाहेर उभं राहून साठ-सत्तर वर्षं ते ऐकलेलं. त्याला शब्द कळले. आले दादी, ती बाई म्हणत होती. आले, वाटेत थांबले नाही.

गंगीला दादी म्हणणारं जगात एकच माणूस होतं. आणि सूर लांबला की त्या आवाजाचा श्वास मध्येच अडखळत होता, उंबऱ्याला ठेच लागावी तसा. रंजिता लहानपणी तापाने आजारी पडली होती, तेव्हापासून तिचा श्वास असाच अडखळायचा. बारशाला, आरतीला, कुठेही.

"बाप्पा!" रंजिता टेबलावर कोपर टेकून ऐकत होती. डोळे चमकत होते. "दादा, कोन हाय हे? किती छान झेलते! मी तं एकटीच होतो तिच्याजवळ... दुसरं कोनाचं रेकॉर्डिंग मिसळलं का काय याच्यात?"

आपला आवाज आपण आतून ऐकतो. बाहेरून आला की तो परक्याचा वाटतो. तिने तो ओळखला नाही.

"मिसळलं असन," किसनसिंग म्हणाला.

"मोतीदादी तं नाही?"

"असन. तिचा आवाज असाच होता, लहानपनी."

गंगी विचारत गेली, ती बाई सांगत गेली. पायाला काटे किती लागले, कोणी अडवलं का, घरी कोणाला ठेवून आलीस. एका जागेत ती म्हणाली, दादाला ठेवून आले. रंजिता मान डोलवत होती. मग शेवटच्या थोड्या जागा आल्या आणि त्या रिकाम्या होत्या. गंगी म्हणायची आणि थांबायची. सगळ्यात शेवटची जागा लांब होती. तिथे आलेली बाई घरच्या बाईच्या खांद्यावर कपाळ टेकते, आणि रडं मिटतं.

"एवढंच कोरं राह्यलं," रंजिता म्हणाली. "उद्या अपग्रेड पुरं होऊन जाईन, मंग कॉपी करून घेतो. तुमच्या फोनात पन टाकून देतो."

किसनसिंगने तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं गरम नव्हतं. नाडी बघावी म्हणून त्याने हात धरला, तर ती म्हणाली, "काय दादा, लाड करून राह्यले आज?"

६

दुसऱ्या दिवशी पुष्पा अंगणवाडीत गेल्यावर रंजिताने उरलेलं अपग्रेड चालू केलं. ओळी पुन्हा निघाल्या.

"बाई," किसनसिंग म्हणाला, "राहू दे नं ते. जेवढं निघालं तेवढं पुरे."

"काहून?"

खरं सांगितलं असतं तर ते तिच्या कानात जाऊन बसलं असतं, आणि कानात बसलेलं काढता येत नाही.

"उगंच, नवं कशाले पाह्यजे?"

"दादा, आता अर्ध्यात सोडलं तं पुन्हा मरन ते. मंग दादीचा आवाज जाईन तो जाईनच."

ती आत भाकरी झाकायला गेली. किसनसिंग पिनापाशी जाऊन उभा राहिला. त्याने पिनावर हात ठेवला. ओढला की झालं, आभाळ गरजल्याचा नेमच तो. गंगीचा आवाज जाईल. गेला तर जाईल, त्याने मन घट्ट केलं. पण हात ओढेना, आणि तो गंगीपायी नाही. अर्ध्यात सोडल्यामुळेच तर हे दारात उभं राहिलं होतं. आणखी एकदा अर्ध्यात सोडलं तर ते जाणार कुठे? ज्याच्या नावाने उचललं, त्याच्याकडेच.

त्याने हात काढला.

"बाई, तुह्या याडीले भाकर देऊन येतं का? डबा इसरून गेली ते."

"इसरली नाही, मुद्दाम ठेवून गेली. म्हने येऊन खाईन."

"जा नं. भुकी राह्यन. आनं जाच्या आंदी मले ते दादीचं लावून दे. मी बसतो आयकत."

रंजिता त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस जो राहू दे म्हणायचा, तो आज लावून दे म्हणतो. तिचे डोळे भरून आले. तिने फाईल लावली, आवाज मोठा केला, डबा घेतला आणि चपला घालून निघाली. तिच्या पावलांनी पाट उठलं, घुंगरू वाजलं. ते मात्र खरोखर अंगणात वाजलं.

किसनसिंग टेबलासमोर खाली बसला. बायका बसतात तसा, मांडी एकीकडे घेऊन. गंगीने ओळ म्हटली. आलीस का.

जागेत त्या तरुण आवाजाने श्वास ओढला. तो आवाज सुटायच्या आत किसनसिंग बोलला.

गळा निघेना. पुरुषाला ते येत नाही, कोणी शिकवत नाही. शिवाय झेलणाऱ्याला आधी हाक मारावी लागते, आपल्या नात्याची. तो अडला. लग्न झाल्यापासून त्याने बायकोला नावाने हाक मारली नव्हती. तांड्यात त्या पिढीत ते चालत नव्हतं. इंद्रजीतची याडी, एवढंच. पण इंद्रजीतच्या नावाने हे झेलता आलं नसतं.

"गंगी," तो म्हणाला. "आलो. मी आलो."

सूर नव्हता. बैलाला थांबवावं तसा आवाज निघाला. मशीनमधली बाई थांबली.

गंगी पुढे गेली. किसनसिंगने पुढची जागा धरली, अर्धी सुटली. त्याच्या पुढची धरली. कुठे शब्द सापडत होते, कुठे नुसता घसा वाजत होता. काटे लागले का, तर लागले म्हणाला. घरी कोणाला ठेवून आलीस, तर तो म्हणाला, सगळ्यांना ठेवून आलो, बाईला ठेवून आलो, ती तिथेच राहील. हे त्याने पुन्हा म्हटलं. तरुण आवाज मध्ये मध्ये श्वास ओढत होता, पण दर वेळी लांबून. आधी ओसरीवरून, मग अंगणातून. मग आला नाही.

शेवटची जागा आली. गंगी गप्प झाली. लॅपटॉपवर ओळी चाललेल्या होत्या, बाहेर दुपार पांढरी पडली होती, आणि मोहाखालच्या बायकांचं बोलणंही थांबलं होतं. किसनसिंगने डोळे मिटले. समोर टेबलाचे पाय होते, त्यांच्यापलीकडे भिंत, हे त्याला ठाऊक होतं. रीत म्हणून त्याने मान पुढे घातली.

त्याचं कपाळ टेकलं.

लाकूड नव्हतं ते. भिंतही नव्हती. जाड सुताचं कापड होतं, त्यावर लावलेल्या बारीक आरशांची कड कपाळाला टोचत होती, आणि कापडाखाली कोणीतरी हळूहळू श्वास घेत होतं. त्याने डोळे उघडले नाहीत. पाठीवर काही येऊन विसावलं. बांगड्या भरलेल्या हाताचं असतं तेवढं ओझं.

तो तसाच बसून राहिला.

७

रंजिता आली तेव्हा तो बाजेवर दोरी वळत होता. मशीनने काम पुरं केलं होतं आणि ते आपोआप बंद होऊन चालू झालं होतं. काळ्या काचेवर दोन ओळी आल्या. रंजिताने वरची निवडली. घर उघडलं, नवं, लख्ख.

"जमलं!" ती ओरडली. "दादा, जमलं!"

तिने फाईल उचलली, पेनड्राइव्हवर टाकली. या वेळी मशीनने नाही म्हटलं नाही. मग ती त्याच्या बाजेवर येऊन बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाली, आता पुरं ऐकू, दोघं मिळून.

किसनसिंगने दोरी खाली ठेवली. त्याला एकच गोष्ट ऐकायची होती.

गंगीने विचारलं, कोणत्या वाटेने. जागा आली. त्या जागेत एक म्हातारा रडत होता.

भरल्या गळ्याने, सुरात. बायकांसारखा नाही, पण एकाही जागी न अडता, जन्मभर हेच केल्यासारखा. ओळ संपायच्या आत झेलायचा आणि हळूच खाली ठेवायचा. किसनसिंगने कान लावून सगळ्या जागा ऐकल्या. नातीचा आवाज कुठेच नव्हता. कुठे श्वास अडखळत नव्हता. छातीवरचा दगड उतरला तशी त्याने एक लांब ढेकर दिली आणि पाय बाजेवर वर घेतले.

"लय चांगला झेलते हा," तो म्हणाला. "कोन हाय वं बाई हा मानूस? इकडचा तं नाही वाटत."

रंजिताने मशीनकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांत धरलं. रडं पुढे चालत राहिलं, शेवटची लांब जागा आली, तीही सरली, तरी तिने ते सोडलं नाही.